पाऱ्याची रेघ

सातारा,
२३ जानेवारी २०२५

ती. पूजावहिनी,
सा. नमस्कार.

विश्वजीतदादाला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी हात सवयीनं ‘सौ.’ लिहून गेला. ते पान फाडून हे दुसरं घेतलंय.

तिळगुळाचा डबा परवा पोचला. आईचे गुडघे थंडीत फार धरतात का? कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात माझा अभ्यास चालू आहे. तोच जोडतारा, दादा ज्याला ‘इंद्याचा तारा’ म्हणायचा. दिसतो एक, पण आहेत दोन, एकमेकांभोवती फिरणारे. दोघांच्याही अंगावर पारा आहे, आपल्या सूर्याच्या मानानं हजारो पट. त्यांचा प्रकाश संगणकावर उलगडला की पाऱ्याची काळी रेघ दिसते. तारे फिरतात तशी ती कधी एक असते, कधी दोन होते.

ती दिसली की मागून दादा विचारतो, “इंद्या, हे पाऱ्यानं व्हतंय का रं?”

परवा भर वर्गात पोरांना ती रेघ दाखवत होतो. तोच आवाज आला. मी वळून मोठ्यानं म्हणालो, “व्हय दादा, पाऱ्यानंच.” मागं नुसता फळा होता. पोरं हसली.

घरी आलो तर तुमचा डबा, त्यात चिठ्ठी. कुपवाडच्या थर्मामीटर बनवायच्या शेडमध्ये, दादाच्याच जागेवर, सोमवारी तीन तारखेपासून तुम्ही जाणार. त्याच्या जोडीच्या आकारामनं शब्द टाकलाय. त्याचा दोष नाही. त्याला माहीत नाही.

मला माहीत होतं, वहिनी.

शेवटच्या दिवाळीत दादाच्या हातातून चहा लेंग्यावर सांडला. तुम्ही फडकं आणायला आत गेलात. तेवढ्यात त्यानं हात पुढं करून तेच विचारलं होतं, ‘हे पाऱ्यानं व्हतंय का रं?’ बोटं थरथरत होती. दिवसभर उघड्या पाऱ्यावर वाकून नळ्या भरणाऱ्याचं काय होतं, ते मी वाचलेलं होतं. मी म्हणालो, “छ्या! अशक्तपणा हाय. टॉनिक घे.”

“बरं झालं बाबा,” तो म्हणाला. “लय भ्यालो व्हतो.”

त्यानं काम सोडलं असतं तर घर माझ्यावर आलं असतं आणि हा तारा सुटला असता. एवढंच कारण.

चार महिन्यांनी कामावरून येताना त्याची गाडी घसरली, असं सगळे म्हणतात. रस्ता कोरडा होता. ब्रेक दाबायला त्या बोटांत बळ नव्हतं.

त्या शेडमध्ये पाऊल टाकू नका. आकारामला हे पत्र वाचून दाखवा, आणि त्याचे हात बघा. रविवारी, दोन तारखेला मी येतोय. सोमवारी त्याला डॉक्टरकडं नेईन. आईला तुम्ही काही बोलू नका, ते माझं मी सांगेन. मला आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा.

फोन केला असता. पण तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोललो असतो.

दादानं ज्याचं खरं मानलं, तो

इंद्रजित