पडीक लिहिलेलं शेत

गुरुजी,

तुमच्या शेतात पहिलं घर उठलं. मागच्या रविवारी लातूरहून गावाकडं गेले होते, तेव्हा पाहून आले. स्लॅब पडलाय, त्यावर पाणी मारायचं चाललंय, आणि तुमची केळी होती तिथं वाळूचा ढीग अन् सळया पडल्यात. तुमच्या घरी काकू म्हणाल्या, "जाऊ नको पोरी, बघून काय करतीस." मी तरी गेले. जायला हवं होतं तेव्हा गेले नाही आणि आता कुणी बोलावलं नसताना गेले, असा माझा सगळा कारभार. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. तुमची काळी जमीन घरांच्या पट्ट्यात गेली ती माझ्यामुळं, एवढं एकदा लिहून टाकावं म्हणून बसलेय. तुम्हाला ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक आहे. पण आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही.

मी सातवीत आहे. तुम्ही सगळ्या वर्गाला गावाचा नकाशा काढायला लावलाय. सुतळीला गाठी मारून आम्ही गावाभोवती फिरतोय, पुढं तुम्ही, धोतराचा सोगा खोचलेला. मारुतीच्या पाराशी थांबून तुम्ही पायानं माती उकरता आणि सांगता, "गाव बसलंय ती पांढरी, पिकती ती काळी. पांढरीत घर धरतं. काळी उन्हाळ्यात फाटती अन् पावसाळ्यात फुगती, तिच्यात भिंत उभी राहत न्हाई. जुने लोक काही येडे नव्हते." ओढ्यापलीकडचा तुकडा प्रत्येकानं आपापला पाहून काढायचा होता. मी गेलेच नाही. ऊन होतं, आणि घरी बसून काढला तर कोण विचारतंय असं वाटलं. ओढ्याकाठी पाच बाभळी काढल्या, रंगवल्यासुद्धा. तुम्ही वही बघितली आणि विचारलं, "गेलतीस का तिकडं?" तिथं एकच बाभूळ होती. बाकीच्यांना तुमच्या हातच्या छड्या बसायच्या, मला एकही बसली नाही. "पाहिलं न्हाई तर पाहिलं न्हाई म्हणावं. त्यात लाज कसली?" एवढंच म्हणालात. मला छडी न मारल्याचा राग दोन दिवस राहिला. हसू नका, खरंच राहिला.

पुढं मी नकाशांचीच नोकरी धरली. आपल्या गावाजवळचं शहर वाढत चाललं, अर्धापूरच्या बाजूनं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लेआउट पडायला लागले आणि आसपासच्या गावांचा आराखडा करायचं काम निघालं. नकाशात हिरवं म्हणजे शेती राहणार, पिवळं म्हणजे घरं होणार. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आले होते तेव्हा तुम्ही मला कॅनव्हासचे बूट दिले होते. अंदाजानं आणलेले, एक नंबर मोठे. "टेबलावर बसून गाव कळत न्हाई," म्हणालात. मी ते बूट एकदाही घातले नाहीत. ऑफिसात सगळ्या बायका चांगल्या चपला घालून यायच्या, आणि मला त्यांच्यात उठून दिसायचं नव्हतं.

पाहणी उन्हाळ्यात होती. जमिनीच्या प्रत्येक गटावर जायचं, तिथं काय आहे ते लिहायचं आणि सही करायची. आपलं गाव माझ्याच वाट्याला आलं. दुपारी जीप तुमच्या शेताच्या समोर रस्त्यावर थांबली. तुम्ही त्या वर्षी केळीची खोडं काढून जमीन नांगरून तापायला टाकली होती. ढेकळं दिसत होती, दुसरं काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उतरायलाव का?" आता गंमत बघा. कागदावर बागायत लिहिलं तर विहीर, पाइपलाइन, मागचं पीक असे रकाने भरावे लागायचे, म्हणजे बांधावर जावं लागायचं. तुम्ही भेटला असता, तर चहा पाजल्याशिवाय सोडलं नसतं आणि तास मोडला असता. पडीक लिहिलं की पुढचे रकाने रिकामे सोडता यायचे. मी पडीक लिहिलं. तापत टाकलेली जमीन आणि पडीक जमीन यातला फरक कळत नव्हता असं मी म्हणूच शकत नाही. मी शेतकऱ्याची पोर. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं.

आराखडा जाहीर झाला तेव्हा पडीक म्हणून नोंदलेल्या तुमच्या तुकड्यापासून थेट ओढ्यापर्यंत सगळी काळी पिवळी झाली होती, आणि पलीकडचा मुरमाड माळ, जिथं कुसळाशिवाय काही येत नाही, तो हिरवा राहिला होता. गावात दोन तट पडले. खूप जण खूश होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही हरकत नोंदवलीत, आणि तिच्या सुनावणीच्या दिवशी तुमचे शेजारी हॉलमध्येच म्हणाले, "आमच्या लेकरांला शेती करायची न्हाई. पिवळं झालं तर दोन पैसे दिसतील. गुरुजीला पेन्शन हाय, त्यांला काय होतंय बोलायला." तुम्ही वळून म्हणालात, "पेन्शन हाय म्हणूनच बोलायलो. तुझं पोट अडकलंय, तू कसा बोलशील?" मग समितीच्या साहेबांकडं बघून सांगितलंत की घरांना तुमचा विरोध नाही, लेकरं वाढली, त्यांनी राहावं कुठं, पण घरं माळावर घ्या, काळी सोडा. किती सरळ मागणी होती.

मी साहेबांच्या डाव्या हाताला फायली घेऊन बसले होते. तुम्ही आत आलात तेव्हा मी खाली मान घालून कागद लावत राहिले. ओळख दाखवली नाही. साहेबांनी माझ्याच हातून तुमचा कागद घेतला आणि वाचलं, "पाहणीत जमीन पडीक आढळली." तुम्ही म्हणालात, "पडीक कुठली साहेब, नांगरून टाकली होती." साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "आजोबा, एवढंच सांगा, आमचा माणूस शेतावर आला होता का? आला नसेल तर मी फेरपाहणी लावतो. आणि ज्यानं घरी बसून कागद भरला त्याची नोकरी ठेवत नाही." त्यांनी कागद तुमच्यापुढं सरकवला. तुम्ही खिशातून चष्मा काढून लावलात. माझं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलेलं. तुम्ही सही बघितलीत, चष्मा काढलात, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "आलतं माणूस. मीच बांधावर नव्हतो."

तेवढ्यानं तुमची हरकत निकालात निघाली. "हरकतीत तथ्य आढळत नाही" हे वाक्य मीच रजिस्टरात लिहिलं. अहवाल वर जायला अजून दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी रोज साहेबांच्या टेबलावर फायली ठेवल्या आणि उचलल्या, आणि एका दिवशीही म्हटलं नाही की साहेब, त्या शेतावर मी गेले नव्हते.

पुढचं तुम्ही भोगलंत. शेजाऱ्यांनी विकलं. तुमच्या गाडीवाटेवर कंपाउंड आलं, केळीचे घड डोक्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागले, लेआउटवाल्यानं भराव टाकला आणि पावसाचं पाणी तुमच्या वाफ्यांत तुंबायला लागलं. शेवटी तुम्ही केळी सोडून दिली. जिवंत असेपर्यंत विकलं मात्र नाही. तुमच्यामागं मुलांनी विकलं, त्यांना तरी काय नावं ठेवणार. रविवारी तुमचे तेच शेजारी भेटले. म्हणाले, "गुरुजी खरे होते असं माझ्या तोंडून काढून घ्यायला आलीस का? मी विकलं म्हणून दोन्ही पोरी शिकल्या." त्यांचंही चूक नाही. काळीतच बांधलेल्या त्यांच्या नव्या घराची मागची भिंत कोपऱ्यापासून फाटलीय, तीही त्यांनी आपणहून दाखवली.

हा कागद काकूंना द्यायचा म्हणून लिहायला घेतला होता. देणार नाही. परत निघताना त्यांनी विचारलं, "तू त्या हापिसात होतीस ना गं, तुझ्या हातात काईच नव्हतं का?" मी म्हणाले, "न्हाई काकू, नियमच तसा होता." त्यांनी मान हलवली, आणि माझ्या पिशवीत कैऱ्या भरल्या.

आणि एक, जे मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी भेदरले होते, तोंडातून शब्दच फुटला नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. तसं नव्हतं. तुम्ही "आलतं" म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं. तुम्ही कठड्याला धरून जिना उतरत होतात, खिडकीतून दिसत होतं, आणि मी डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. सगळी खाल्ली, गुरुजी. चांगली लागली.