‘माजघर’ची नोंद

११ नोव्हेंबर
पोचले. पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून राजदीप या शिल्पकाराचं टिनाचं गोदाम. राजदीपला जाऊन दोन वर्षं झाली. त्याची बहीण उर्वशी नागपूरला असते, तिनंच बोलावलं. निवृत्त ग्रंथपाल, त्यात कलावस्तूंच्या जतनाचा छोटा अभ्यासक्रम केलेली, आणि हट्टी. असंच माणूस हवं होतं म्हणाली. राखण करणाऱ्या रुखमाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मले वाटलं कोनी जीन्सवाली येईन, म्हणाल्या, ह्या तं आपल्यासारख्याच बुढ्या निघाल्या! दोघीही हसलो. चहात आलं सढळ होतं.

बाहेर कापसाच्या गाड्यांतून पुंजके उडतात, तारेच्या कुंपणाला अडकून राहतात. फार प्रसन्न वाटलं. कॉन्व्हेंटच्या सहलीला निघताना आई माझ्या दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधायची आणि गाठ मारताना माझं लाडकं नाव घेऊन हळूच म्हणायची, सुने, हरवू नकोस. आज बसमधून उतरताना तेच आठवलं.

१२ नोव्हेंबर
काम समजून घेतलं. राजदीपनं गोदामात एक खोली उभी केली आहे, नाव ‘माजघर’. मातीची चूल, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, आणि चुलीपुढे दाराकडे पाठ करून बसलेली बाई, कापूस आणि कागदाच्या लगद्याची. सगळंच नाशवंत. त्याची चिठ्ठी आहे: झिजेल ते बदला, पण नोंदीबरहुकूम. नोंद असली तर काम दहा वेळा नव्यानं उभं राहील. नसली तर उरेल नुसता ढिगारा. आणि मूळ कामाचे फोटो असलेली हार्ड डिस्क बिघडलेली. वाळवी बाईच्या पाटापर्यंत आली आहे. वीस तारखेला ट्रक येणार, काम दिल्लीला प्रदर्शनात जाणार. त्याआधी मीच या कामाची स्मृती लिहायची.

मोजमापं झाली. लुगड्यापाशी अडले. उन्हानं पार विटलेलं. नोंदीच्या तक्त्यात ‘मूळ रंग’ हा रकाना. उर्वशीला फोन केला. तिलाही आठवेना. मावशी, अंदाजानं लिहा, म्हणाली. शाळेत सिस्टर सांगायच्या, रिकामी जागा म्हणजे आळस. मी लिहिलं: मोरपिशी, काठ तांबूस. आईचं होतं तसं.

१३ नोव्हेंबर
लुगडं मोरपिशी आहे.

कालचा फोटो शेजारी धरून पाहिला. रुखमाबाईंनी बदललं असेल म्हणून विचारलं, तर त्या रागावल्या. किल्ली तर माझ्याकडेच होती. मग वाटलं, प्रकाशाचा फरक असेल. खरं सांगायचं तर आनंदच झाला. ‘वास’ या रकान्यात लिहिलं: चुलीला ओव्याचा, तव्यावरच्या भाजणीचा, आमच्या घरचा. ‘आवाज’मध्ये लिहिलं: काम करताना बाई गुणगुणते, शब्द नाहीत. दुपारी दार उघडलं तर खरोखर ओव्याचा वास. कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिले.

१४ नोव्हेंबर
सकाळी बहिणीचा, गौरीचा फोन. बोलता बोलता ती म्हणाली, आईचं ते लुगडं कोणाकडे गेलं गं? मी विचारलं, कोणतं? तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. पर्समधला आईचा फोटो काढला. आई आहे, चेहरा आहे. अंगावरचं लुगडं पांढरंफटक, धुऊन रंग गेलेल्या कागदासारखं. आमच्या स्वयंपाकघराला कसला वास यायचा तेही आठवेना. वर लिहिलेलं वाचलं. दुसऱ्या कोणाच्या घरचं वाटलं.

१५ नोव्हेंबर
रुखमाबाईंनी आज सांगितलं. आधी अमरावतीहून अर्पिता नावाची मुलगी आली होती, याच कामाला. अर्धी नोंद करून आजारी पडली. तिची माय तिले घ्याले आली, म्हणाल्या, तं हे पोरगी मलेच इचारते, मावशी, हे बाई कोन व्हय? मायच्या तोंडावर! मग माझ्या वहीवर बोट ठेवलं. बाई, दिसते तेवढंच लिहा. आठवते ते कायले लिहून राह्यल्या?

चूक माझीच. नोंद करणाऱ्यानं अंदाज भरायचा नसतो. रिकामी जागा रिकामीच नोंदवायची: ‘माहीत नाही’. हे मला शिकवलं होतं. तक्ता उघडून तिन्ही रकाने खोडले.

संध्याकाळपर्यंत लुगडं विटलं, वास गेला. फोटोतलं लुगडं पांढरंच राहिलं. म्हणजे खोडलं की तिथूनही जातं, आणि माझ्याकडे परत येत नाही. आता कुठेच नाही. खोडलेलं वाचून तीनही रकाने पुन्हा भरले. निदान कुठेतरी असू दे.

१७ नोव्हेंबर
आज बाई बोलली. पाठमोरीच. सुने, म्हणाली.

हे नाव मी तक्त्यात लिहिलेलं नाही. फक्त या वहीत —

चुलीजवळच्या खिळ्याला दोन लाल रिबिनी. पहिल्या दिवशीचं पान काढलं. कोणती सहल? कोण बांधायचं? अक्षर माझंच आहे.

ही वहीसुद्धा नोंदच.

१८ नोव्हेंबर
लिहू नये. पण लिहिलं नाही तर उरलंय ते विसरेन, अशी भीती —

उर्वशीला सांगितलं, मला जमणार नाही. ती रडली. भावाचं एवढंच उरलंय, मावशी, म्हणाली. फक्त ‘चेहरा’ हा एक रकाना बाकी आहे ना? तिला तरी काय सांगू.

लिहिलेला नाही तो चेहराच. तेवढाच माझ्याकडे आहे.

१९ नोव्हेंबर, सकाळ
बॅग भरली. रुखमाबाई ऑटो बोलवायला गेल्यात. मागं वळून पाहू नका, म्हणाल्या, अन् वही चुलीत टाका. टाकली तर त्यातली आईही —

गुणगुणणं. शब्द नाहीत. थांबतं, मग सुने. पुन्हा सुने. उत्तर दिलं नाही की लहान मुलासारखं रडवेलं होतं.

१९, दुपार
ऑटो परत पाठवला.

आत आहे. तिच्यासमोर बसले. चेहऱ्याच्या जागी लगदा, कोरा. मोरपिशी पदर, ओव्याचा वास, हात आईसारखा गुडघ्यावर. ती म्हणते, तू दिसत नाहीस गं. आई गेल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत मला कोणी असं —

रुखमाबाई दार ठोकताहेत. बाई, उघडा, उघडा वं —

सगळा चेहरा नाही देणार. फक्त डोळे लिहिते. तेवढ्यानं तिला मी दिसेन. बाकी माझ्याजवळ ठेवते. आईचे डोळे घारे. उजवी पापणी जराशी उतरलेली. आणि माझ्याकडे पाहताना ती आधी