वाकडे कापलेले बटाटे

११ जानेवारी, दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांना नमस्कार सांग.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. फोनवर बोलायची सोय नाही, सूनबाईचे कान फार तिखट आहेत.

डोळ्यांनी दगा दिला आणि माझी शिलाई सुटली, तेव्हापासून या घरात माझ्या हाती एकच काम उरलंय, संध्याकाळचं सूप. मुलगा आणि सूनबाई कामावरून यायच्या आत मी ते तयार ठेवतो. तुझ्या वहिनीनं अंथरुणात पडल्या पडल्या शिकवलं, तसंच करतो. कांदा-लसूण जरासा परतायचा, कोंबडीचे तुकडे हाडांसकट टाकायचे, पाणी घालायचं, वर येईल तो फेस काढायचा. मांस मऊ झालं की बटाटे. मग मिरी आणि मीठ. मीठ घातलं की राहिलं, अशी शंका मागे नको, म्हणून आठवलं की मी घालूनच टाकतो.

तर गोष्ट अशी आहे. मी बटाटा कापतो तो चौकोनी, चारी कडा सारख्या. सगळा जन्म कापड बेतण्यात गेला, हाताला दुसरं काही येत नाही. आणि हल्ली माझ्या वाटीत वाकडे तुकडे येतात. एक तर सालासकट होता. कुणी बघेल या भीतीनं घाईत कापावा, तसा. मी विचारलं, हा बटाटा कुठून आला? सूनबाई म्हणाली, "बाबा, बटाटा बाजारातून येतो." मुलगा हसला. मला हसू आलं नाही.

ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, हे विसरू नकोस. मी काही म्हणत नाही. पण घरात पाऊल टाकलं की ती मला बाहेरच्या खोलीत बसवते, तुम्ही दमलात, मी वाढते म्हणते, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. एवढा गोडवा कशासाठी? परवा दाराआडून मुलाचा आवाज आला, असं किती दिवस चालणार म्हणून. शेजारचे घड्याळवाले सांगत होते, त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याला असंच खाऊ घालून, झोपवून झोपवून, शेवटी वृद्धाश्रमात नेऊन सोडलं. सूप प्यायल्यावर मलाही पेंग येते, चिमे.

मी पळीनं माप घेऊन पातेल्यावर बाहेरून शिवणाच्या खडूची रेघ मारली. जेवताना पाहिलं तर सूप रेघेच्या वर. कमी झालं असतं तर समजलो असतो. वाढलं कसं?

चवीचं विचारू नकोस. थंडीत माझी जीभ जरा मंद असते, एवढंच.

आता एक युक्ती केली आहे. गॅलरीत एकसारखी दोन रोपं आहेत. तिचा हात लागायच्या आधीचं थोडं सूप गाळून रोज एका कुंडीत ओततो, आणि तिनं वाढलेलं दुसरीत. मी पावावर भागवतो. कुठलं रोप मान टाकतं ते बघू.

काळजीत असलेला,
तुझा दादा


२६ जानेवारी

चिमे,

मागचं पत्र फाडलंस ना? नसशील तर आधी ते फाड, मग हे वाच.

तिच्या सुपाचं रोप ताठ उभं आहे. माझ्या सुपाचं करपलं. मातीवर पांढरा थर धरला होता, तो बोटावर घेऊन चाटला, तर मला काहीच लागलं नाही. थोडा कागदावर घेऊन घड्याळवाल्यांकडे गेलो. म्हटलं, हे विष आहे का बघा. त्यांनी जिभेला लावलं आणि थुंकून म्हणाले, "अहो, हे मीठ आहे."

त्या संध्याकाळी सूनबाईनं दार लोटल्यावर मी खुर्चीत बसलो नाही. फटीशी उभा राहिलो. तिनं चमचाभर चाखलं आणि डोळे घट्ट मिटले. मग पातेल्यातलं थोडं काढून गरम पाणी ओतलं, आणि खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता, दाराकडे बघत बघत बटाटा कापायला लागली. मुलगा म्हणाला, एकदा सांगून टाक त्यांना. ती म्हणाली, "सांगितलं तर शेगडीला हात लावणार नाहीत. मग दिवसभर करतील काय?"

मी खुर्चीत येऊन बसलो. वाटी आली. वाकडे तुकडे आधी खाल्ले.

काल मिठाची बरणी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, ही वरच्या फळीवर असू दे, माझ्या हाताशी राहिली की ओल धरते. मीठ तूच घालत जा. तिनं टाचा उंचावून बरणी वर ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी फटीतून पाहिलं हे तिला कळलं असावं, असा मला संशय आहे. काल सगळे बटाटे चौकोनी होते.

आता तुझं सांग. गेल्या खेपेला आलीस तेव्हा सूप दोनदा मागून घेतलंस, आणि नंतर सारखी पाण्याचा तांब्या शोधत होतीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? खरं काय ते लिही. फोनवर मात्र सांगू नकोस. सूनबाई ऐकेल, आणि तिला वाईट वाटेल.

अजून शेगडीपाशीच असलेला,
तुझा दादा