अकरा नंबरचं इंजिन

३ जून १९१२, फ्रीडरिक्सहाफेन
आज कामावर रुजू झालो आणि स्वारी भलतीच खुशीत आहे. वायुनौकांची इंजिनं चालवून पारखायची शेड अगदी तळ्याकाठी. धाकटा भाऊ वेंडेलिन वायुनौकेवर मेकॅनिक. अकरा नंबरचं इंजिन शनिवारच्या उड्डाणाला त्याच्याच पाळण्यात, म्हणजे नौकेखाली टांगलेल्या इंजिनखोलीत, बसणार. इंजिन पास केल्याची सही माझी, वर त्याच्या शेजारी बसणार तो. सफरचंदाची दारू पिताना म्हणाला, दादा, चुकलास तर नेम धरून तुझ्याच डोक्यावर पडेन.

ऑटमार मास्तरांनी इथली रीत शिकवली. लाकडी काठीचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, कान झाकायचे. आत काही कुरकुरलं की दातांना आधी कळतं.

४ जून
इंजिन गोड चालतं. फक्त तिसऱ्या सिलिंडरपाशी बारीक टकटक. मास्तरांना सांगितलं तर ते दुसऱ्या इंजिनाकडे वळले. शेवटी शेजारच्या फिटरनं सांगितलं. माझ्या आधीचा मेल्खिओर याच इंजिनावर गेला. आतला दांडा तुटून बाहेर आला आणि दातांतली काठी मानेतून मागे निघाली. इंजिन पुसलं, नवा दांडा घातला, लावलं पुन्हा.

५ जून
इंजिन खोललं. तेलात माणसाचे चार दात. मास्तर म्हणाले, त्या दिवशीचे राहिले असतील, टाक आणि कामाला लाग. धुतलं, चालवलं, परत खोललं. सहा दात.
ती टकटक नाही. जबडा आहे. चावतोय.

६ जून
आज काठीतून शब्द आले. मेल्खिओर म्हणतो, एकटा आहे, सोबत पाठव. मी सही देणार नाही. वेंडेलिन उखडला, उड्डाण रद्द करून माझ्या पोटावर पाय देतोस का म्हणाला.

७ जून
डाव्या हातानं लिहितोय. इंजिन मोडायला चाकात पहार घातली. पहार उलटी फिरली. उजवा हात मनगटापासून गेला. पेट्रोल बंद होतं, तरी चाक फिरत होतं — माझी बोटं भिंतीवर —
इंजिनाला ओरखडाही नाही. माझ्या जागी मास्तरांनी सही केली.

८ जून
इस्पितळ. खिडकीतून वायुनौका दिसते. वर चढली, धड आहे. खाली लोक टोप्या हलवतायत.
काठी नाही. तरी दातांत टकटक — आवळले तरी —
मेल्खिओर हसतोय. आला म्हणतो —
आता दुसरा जबडाही चावतोय. हा आवाज वेंडेलिनचा — नको — दादा म्हणतोय — दादा, इथं फार गरम आहे, मला बाहेर —