चहाआधीची तीन पानं

१ जून
उचगावात आले एकदाची! खोली झकास आहे; खिडकीत उसाचं शेत, टेबलाचे चारही पाय शाबूत. खोली संयोगिताताईंची. मी त्यांच्या लेखनवर्गाला जाते; मला त्या धाकटी बहीण मानतात. त्यांची तिन्ही पुस्तकं इथंच लिहून झाली. आई गेल्यापासून तिच्यावरचं माझं पुस्तक मात्र एक ओळ पुढं सरकेना. म्हणून ताईंनी किल्ली दिली आणि नियम सांगितले. रोज सकाळी चहाआधी तीन पानं, हातानं. परत वाचायची नाहीत, दाराबाहेरच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. एकवीस दिवसांत सवय लागते, मग हात आपोआप चालतो. पानं पेटीत पडल्याशिवाय खालच्या अंबूबाई चहा देत नाहीत. चहासाठी मी काहीही लिहीन.

४ जून
लिहिलं! सलग तीन पानं! आई वडगावच्या बाजारात मिरच्या विकायची. गिऱ्हाईक शिंकलं की म्हणायची, बघा, माल अस्सल हाय. ते सगळं कागदावर उतरलं. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, हातचं काही राखू नकोस, सगळं लिही. मला रडूच आलं आनंदानं.

१० जून
माझ्या भावाचा, धैर्यशीलचा फोन. लहानपणी तो तापानं फणफणला तेव्हा आईनं त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, ते लिहिलंस का, असं विचारत होता. मला काही आठवेना. तो हसला, म्हणाला, तूच तर सांगायचीस की. मग मिरच्यांचं काहीतरी बोलला. कसल्या मिरच्या? फोन ठेवून ही वही मागं उलटली. अक्षर माझंच आहे. आई मिरच्या विकायची म्हणे.

१२ जून
पेटी उघडली. रिकामी! अंबूबाई म्हणाल्या, पानं रोज ताईंच्याकडं जात्यात की, तुमास्नी ठावं न्हाय व्हय? आधी इथं राहिलेल्या पोरीचा बाप तिला न्यायला आला, तर तिनं त्यालाच विचारलं, कुठलं पावणं तुमी? हे सांगता सांगता त्यांनी चहा पुढं केला. मी कप तसाच ठेवून वर आले.

१५ जून
रविवारच्या पुरवणीत ताईंचा लेख, 'माझी आई'. मिरच्या, शिंका, ताप, पाठ. परक्या बाईबद्दल वाचावं तसं मी वाचलं. आवडलंसुद्धा. लाज वाटली स्वतःची. फोन केला तर ताई शांतपणे म्हणाल्या, माझी आई पहिल्या पुस्तकातच संपली गं, पुढची दोन तुझ्यासारख्या मुलींच्या आयांवर निघाली. धाकटी बहीण म्हणे! केसानं गळा कापला बाईनं.

१८ जून
काल पेन खिडकीबाहेर फेकलं, पिशवी घेऊन थांब्यावर गेले. कुठल्या गावची गाडी धरायची तेच— परत आले. सकाळी जाग आली तर हातात पेन्सिल. तीन पानं भरलेली. आईचा चेहरा—
धैर्यशील शनिवारी न्यायला येतोय. तोवर काही लिहायचं नाही.

२१ जून
शनिवार. तो वाटेत आहे. आईचं आता एकच उरलंय माझ्याकडं, तिचं नाव. ते लिहायचं नाही. लिहायचं नाही—
पण चहा अजून आला नाही. दोन पानं झालीत— हात थांबत— धैर्यशील, लवकर ये रे—
आईचं नाव चिम