सुनंदाचा सात नंबर

९ नोव्हें. १९८३, बुध.
सुनंदानं बनवलेल्या सात नंबरच्या पदार्थानं एन्झाइम गार केलं. सुनंदा मेश्राम, उमरेडची, आमच्या लॅबमध्ये येऊन दीड वर्षही झालं नाही. मी सहा वर्षं याच टेबलावर. माझे एकतीस पदार्थ बनवून झाले, एकानंही काम केलं नाही. सर सगळ्यांना संत्रा बर्फी वाटून राहिले होते. मलेही एक वडी. खाल्ली. गोड लागली नाही.

१० नोव्हें.
धंतोलीचे एक डॉक्टर आले होते. सर त्यांना समजावून सांगत होते : कंपवातात मेंदूतलं डोपामीन कमी पडते, हे एन्झाइम उरलंसुरलंही खाऊन टाकते, त्याचं तोंड बांधलं तर पेशंटचा हात थरथरायचा थांबेल. शब्द न् शब्द माझा, मागच्या सेमिनारमधला. बोट मात्र सु.कडे. "आमची मुलगी!" म्हणे. मी काय मग, शेजाऱ्यांचा?
घरी बायको म्हणते, तोंड काहून उतरलं? कुसुमले म्हटलं, पित्त. पित्त कसलं बाप्पा! पोटात दुखून राहिलं माझ्या, दुसरं काही नाही.

१४, सोम.
सरांचा नियम : दुसऱ्या हातानं तेच आलं पाहिजे, तेव्हाच पदार्थ मुंबईच्या कंपनीकडे जाईल, जनावरांवरच्या चाचणीसाठी. दुसरा हात माझा. सु.नं स्वतः बाटली आणि वही आणून दिली. "विनायकभाऊ, तुमीच करा. तुमचा हात साफ आहे."
साफ!

१५
बकऱ्याचा ताजा मेंदू आणला, घोटला, एन्झाइम काढलं. तीनदा केलं. काहीच नाही! एन्झाइम मस्त चालू, सात नंबर नुसतं पाणी. सायकलवर घरी येताना गाणं गुणगुणत होतो. लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

१६
सरांना सांगितलं. त्यांनी माझे तिन्ही वेळचे आकडे पाहिले. मग सु.ले बोलावलं. "मुली, तुझंच काही चुकलं असेल." ती भांडली नाही. "भाऊनं केलं म्हनजे बरोबरच असंल."
हेच मले सहन होत नाही. भांडायचं ना वं!

१८, शुक्र.
सात नंबर फाइलीतून कटला. सु.ची फेलोशिप वाढणार नाही. सोमवारी सामान घेऊन चालली. भिवापूरच्या शाळेत विज्ञान शिकवाले जागा आहे म्हणे. मी म्हटलं, चांगलं झालं, घराजवळ.
वही परत द्यायची म्हणून चाळली. पान चौथं : औषध आणि एन्झाइम आधी वीस मिनिटं एकत्र ठेवायचं, मगच एन्झाइमचं खाद्य टाकायचं. खाली लाल रेघ. हे औषध हळूहळू चिकटते. मी सगळं एकदमच टाकलं होतं.
हे पान मी वही मिळाली त्याच दिवशी वाचलं होतं. विसरलो, की विसरून घेतलं…

२०, रवि.
लॅब उघडून एकट्यानं केलं. वीस मिनिटं घड्याळ लावून. एन्झाइम मेलं. पुन्हा केलं. पुन्हा मेलं. इतकं देखणं काम माझ्या हातून सहा वर्षांत झालं नाही, आणि तेही तिचं निघालं!
सांगितलं तर सर म्हणतील, विनायक, पहिल्या वर्षाचं पोरगंही असं करत नाही. मग काय सांगू, की मले जमत नाही असं नाही, मले पाहवत नव्हतं?

२१, सोम., दुपार
सर केबिनमध्ये आहेत. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.
सु. आली. कुसुमसाठी भिवापुरी तिखटाची पुडी आणली. म्हणते, "भाऊ, तुमी वाचवलं मले. खोटं छापून आलं असतं तं तोंड कुठं दाखवलं असतं?" मी म्हटलं, चहा पिऊन जा.
चहा झाला. तिची गाडी अडीचची. आता ती मागं मोरीवर आपलं काचसामान धुऊन राहिली. जाता जाता माझ्याही परीक्षानळ्या उचलून नेल्या, कालच्या, स्टँडमध्ये तशाच राहिलेल्या. त्यांच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : सात, २० मि.
नळ बंद केला तिनं. एक नळी उजेडाकडे धरून वाचून राहिली.