तुझ्या गोळ्या परत पाठवतेय

ती. आईस,
पंचशीलाचा कारखान्यावरून जय भीम.

तुझ्या गुडघ्यांसाठी मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तू मलाच पाठवल्यास. गावाकडे निघालेल्या बाळूभाऊंबरोबर परत पाठवतेय, रागावू नकोस.

मी माझा गुडघा इथल्या दवाखान्यात दाखवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं बंद." आता मी ऊस तोडते, मोळ्या हे वाहतात. टोळीतले हसले, "काय बे बन्सी, बायको मुकादम झाली का?" हे म्हणाले, "व्हय, अन् आपल्या मुकादमापेक्षा लई कडक हाय."

गुडघा अजून ठणकतो. पण चालत्या पायांनीच घरी यायचं, हे ठरलंय.

तू उठताना अजून भिंत धरतेस का? जेवणानंतर रोज एक गोळी घे, कुणाला वाटू नकोस. रिकामी पाकिटं जपून ठेव. हंगाम संपला की मी येऊन बघणार आहे.

तुझीच हट्टी लेक,
पंचशीला